मधलं घर

ही गोष्ट दोन हजार तेवीस सालची. त्या वर्षी उन्हाळा लांबला, पुढं ऑगस्ट कोरडा गेला, विहिरीनं तळ दाखवला, आणि मांजरी गावच्या दत्तोबांचं घर पावसाळाभर दोन जागी राहिलं. गावात कुणाला विचारलं तर तो विहिरीचंच सांगेल. त्यांच्या बायकोला, द्वारकाबाईंना, मात्र ते साल आठवतं ते सुनेच्या पाण्याच्या बाटलीमुळं.

मांजरी तेव्हा गाव राहिलीच नव्हती. द्वारकाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा ओट्यावरून थेट नदीकाठची झाडी दिसायची. आता तिथं उंच इमारती उभ्या होत्या आणि संध्याकाळी त्यांची सावली वाफ्यांवर पडायची. सावलीत कोथिंबीर लांबते, पातळ होते, म्हणून त्या इमारतींवर द्वारकाबाईंचा राग होता. बाकी तक्रार नव्हती. तिथली माणसं त्यांचीच भाजी खायची.

दत्तोबांच्या वाट्याला आलेल्या जमिनीत कोथिंबीर, मेथी, शेपू. बांधापलीकडं धाकट्या भावाचा, बापूरावांचा, ऊस. विहीर बांधावर, दोघांची सामाईक. चार दिवस पाणी थोरल्याचं, चार दिवस धाकट्याचं, असं सासऱ्यांनी घालून दिलेलं. मोटर जळली, वीज गेली, तरी दिवस मागंपुढं झाला नाही. निम्म्याला निम्मं हा दत्तोबांचा धर्मच होता. ताटातली भाकरीसुद्धा ते बरोबर मधोमध मोडायचे.

बापूरावांच्या उसाला द्वारकाबाई आळशाचं पीक म्हणायच्या. लावायचा, पाणी सोडायचं, आणि कारखान्याची टोळी येऊन तोडून नेईपर्यंत बांधावर बसून तंबाखू मळायची. कोथिंबिरीचं तसं नव्हतं. ऊन लागायच्या आत उपटायची, माती झटकायची, जुड्या बांधायच्या, ओल्या गोणपाटात घालायच्या आणि लगेच गाडी हलवायची. त्याला रोज माणूस हवं, तेही पहाटेचं. ते माणूस म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा संतोष. तो बी.कॉम. झाला आणि शेतातच राहिला. त्यानं छोटा हत्ती टेम्पो घेतला होता. हडपसरच्या बाजारात आणि आत मंडईत माल तोच पोचवायचा.

सून सृष्टी वर्ध्याकडची. हिंजवडीच्या एका कंपनीत कामाला होती. लग्न झालं तेव्हा कंपनीचं काम घरूनच चालायचं. पुढच्या खोलीत टेबल टाकून ती बसायची, कानाला यंत्र लावून इंग्रजीत बोलायची, आणि मधेच उठून वाफ्यावरून मूठभर कोथिंबीर घेऊन जायची. द्वारकाबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची नोकरीबी करती आन घरातबी असती. देवानं दोन्ही हातानं दिलीया."

मग कंपनीनं सगळ्यांना परत बोलावलं. रोज यायचं. सृष्टीला त्याच सुमाराला वरची जागा मिळाली होती. तिच्या हाताखाली माणसं आली होती. घरून काम मागायची सोय उरली नाही.

मांजरी शहराच्या या टोकाला, हिंजवडी त्या टोकाला. कंपनीची बस हडपसरच्या गाडीतळावरून सुटायची. संतोष माल टाकून धापा टाकत यायचा, तिला गाडीवर बसवून तिथं सोडायचा. संध्याकाळी ती परत यायची तेव्हा दत्तोबांचं जेवण होऊन ते ओट्यावर आडवे झालेले असायचे. ती चपला काढायची तर पट्ट्यांचे वळ पायावर उठलेले. भाकरीचा तुकडा हातात धरूनच तिला पेंग यायची.

"अगं, निदान कालवण तरी वाढून घे," द्वारकाबाई म्हणायच्या.

"घेते ना आई," ती म्हणायची आणि तशीच बसून राहायची.

सुनेचा डबा आणि बाटली घासायचं काम द्वारकाबाईंनी आपणहून घेतलं होतं. डबा कधी संपलेला असायचा, कधी अर्धा. बाटली मात्र रोज जड. पहिल्यांदा त्यांना वाटलं, येताना भरून आणत असेल. मग एक दिवस त्यांनी सकाळी बाटलीत तुळशीची दोन पानं टाकून दिली. संध्याकाळी बाटली मोरीत उपडी केली तर तीच दोन पानं, तेवढंच पाणी.

"हे काय गं? उन्हाळ्याचे दिस, आन तू दिवसभर पाणी पीत न्हाईस?"

सृष्टीनं आधी टाळलं. मग म्हणाली, "बसमध्ये अडकून राहतो आई आम्ही. पाणी प्यायलं की मग जायचं कुठं? पुलावर बस थांबली की थांबली. एकदा उतरून एका हॉटेलात गेली मी, तर तो म्हणे, काही खाणार असाल तर जा आत. सगळी बस बघून राहिली होती."

द्वारकाबाईंनी बाटली विसळून पालथी घातली. शेतात बाईला अडचण असते, पण आडोसा असतो. बसमध्ये तोही नसतो, हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं.

वैशाखात सृष्टीला थंडी वाजून ताप भरला. कंबरेत कळा, लघवीला आग. हडपसरच्या डॉक्टरांनी सलाइन लावलं आणि म्हणाले, "पाणी प्या. एवढं एकच औषध आहे, ते आमच्याकडं मिळत नाही."

ती घरी आली त्या संध्याकाळी चौघं ओट्यावर बसले.

"मी तिकडं पीजीत राहते," सृष्टी म्हणाली. "मुलीमुली राहतात. शनिवारी येईन, सोमवारी जाईन."

"लग्न झालेली पोर हॉस्टेलात ऱ्हाणार?" दत्तोबा म्हणाले. "मग लग्न कशापायी केलं?"

"मग नोकरी सोडू का, बाबा?"

यावर कुणी हो म्हणेना. तीच पुढं म्हणाली, "सोडीन मी. पण सोडली ना, तर मला राग येईल. तुमचा नाही येणार. या घराचा येईल. रोज सकाळी उठून येईल."

संतोष पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. "मी तिकडं गेलो तर पहाटेचा माल कोण काढणार? बाबांना टेम्पो येत न्हाई. आन मी तिकडं करू काय? फरशी पुसू?"

"मी तुला ये म्हटलं का, संतोष?"

सासऱ्यासमोर नवऱ्याला नावानं हाक मारलेली दत्तोबांना अजून सवयीची झाली नव्हती. ते खाकरले, उठले आणि म्हणाले, "उद्या बघू. मार्ग हाय."

मार्ग त्यांनी असा काढला. दुसऱ्या दिवशी संतोषला मोटरसायकलवर पुढं बसवलं, आपण मागं बसले, आणि घराच्या दारापासून सुनेच्या कंपनीच्या फाटकापर्यंत जाऊन आले. जाताना किलोमीटरचा काटा पाहिला. येताना तेवढ्याच्या निम्म्यावर काटा आला तिथं गाडी थांबवायला लावली. ती जागा निघाली खडकीत, जुन्या हमरस्त्याला लागून. दत्तोबा उतरले, धोतर झटकलं आणि समोरच्या चहावाल्याला विचारलं, "हितं भाड्यानं जागा मिळंल का?"

घरी येऊन त्यांनी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा विहिरीची वाटणी झाली त्या दिवशीसारखा दिसत होता. "तिला निम्मं, त्याला निम्मं. कुनावर अन्याव न्हाई."

कुणाला त्यात खोट काढता येईना. द्वारकाबाईंनाही ते पटलं. आयुष्यभर त्या निम्म्याच्या हिशेबातच राहिल्या होत्या.

मृग लागायच्या आत संतोष-सृष्टी खडकीला राहायला गेले. दोन खोल्या, तिसरा मजला, खिडकीखाली रस्ता. द्वारकाबाईंनी पीठ, तिखट, लोणच्याची बरणी आणि जुन्या डब्यात लावलेला पुदिना दिला.

आता संतोष पहाटे खडकीहून गाडीवर निघायचा तो मांजरीला पोचेपर्यंत पूर्वेला तांबडं फुटलेलं असायचं. तोवर द्वारकाबाई आणि दत्तोबांनी जमेल तेवढं उपटून ठेवलेलं. पण दत्तोबांचे गुडघे वाफ्यात बसू देत नव्हते आणि द्वारकाबाईंच्या बोटांचा वेग पूर्वीचा राहिला नव्हता. निम्मी कोथिंबीर उन्हातच निघायची. उन्हात उपटलेली कोथिंबीर गोणपाटात गरम होते. वरून हिरवी दिसते, जुडी सोडली की आतून पिवळी.

मंडईत मुक्ताबाईंचा गाळा होता. द्वारकाबाईंचा माल त्या कित्येक वर्षं घेत आल्या होत्या. सदाशिव पेठेतल्या जुन्या बायका मुक्ताबाईंकडं येऊन "मांजरीची आहे का?" असं विचारूनच जुडी उचलायच्या. आषाढात एका सकाळी द्वारकाबाई टेम्पोबरोबर मंडईत गेल्या. मुक्ताबाईंनी एक जुडी सोडली, पानं बोटानं बाजूला केली, आणि चष्म्यावरून पाहिलं.

"द्वारकाबाई, ही भाजी आहे की वाळवण?"

"उशीर झाला थोडा."

"उशीर रोज होतो हल्ली. गिऱ्हाईकाला मी काय सांगू, मला माल देणाऱ्या बाईंचा मुलगा खडकीला राहतो म्हणून तुम्ही पिवळी खा?"

शेजारच्या गाळ्यावरचा माणूस हसला. द्वारकाबाईंनी जुड्या परत गोणपाटात भरायला घेतल्या. मुक्ताबाईंनी त्यांचा हात धरला. "ठेवा. आज ठेवा. आपली ओळख आजची नाही. पण उद्या मी दुसरीकडं बघेन, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटलंच. एवढ्या वर्षांत त्यांची जुडी कुणी सोडून पाहिली नव्हती.

परतताना त्या संतोषला म्हणाल्या, "चल, तुमचं बिऱ्हाड बघती. गेल्यापास्नं पाय लावला न्हाई."

खडकीच्या इमारतीशी टेम्पो आला तसा वॉचमन आडवा आला. "टेम्पो बाहर. पार्सल है तो यहीं रख दो."

"पार्सल न्हाई," संतोष म्हणाला. "आई हाय माझी."

टेम्पो बाहेर रस्त्यावरच लावावा लागला. वर जाताना संतोषनं सांगितलं, एकदा टेम्पो आत लावला तेव्हा शेपूचा वास येतो म्हणून खालच्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली होती.

खोल्या स्वच्छ होत्या. फार स्वच्छ. कुणी तिथं स्वयंपाक करत असेल असं वाटत नव्हतं. पीठ दिलं तसंच डब्यात, वर सोंडे हिंडत होते. पुदिना वाळून काड्या झालेला.

"जेवता कुठं रे?"

"मी तिकडं तुझ्याकडंच जेवतो की. ती कंपनीत खाती." संतोष जमिनीवर बसला तो तसाच कलंडला. "मी दुपारनं येतो तवा ती नसती. ती येती तवा मी झोपलेला असतो. मी जातो तवा ती झोपलेली. रविवारी दोघंबी झोपतो."

एवढं बोलून तो खरंच झोपला. तोंड उघडं, हाताच्या बोटांत माती. द्वारकाबाईंनी त्याच्या डोक्याखाली उशी सरकवली. स्वयंपाकाच्या ओट्यावर सृष्टीची कालची बाटली पालथी न घालता तशीच ठेवलेली होती. त्यांनी ती उचलली. आधीसारखी जड नव्हती, पण हलकीही नव्हती. अर्धी.

त्या सृष्टी येईपर्यंत थांबल्या. ती आली, दारात सासूला पाहून गोंधळली, आणि मग एकदम त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली.

"बरी हायेस का?"

"निम्मी बरी आहे," ती हसून म्हणाली. मग हसू गेलं. "आई, खरं सांगू? तिथं होतो तेव्हा निदान घरी यायची मी. इथं येते ते कुणाच्या घरी येते तेच समजत नाही."

घरी परतल्यावर द्वारकाबाईंनी कुणाला काही सांगितलं नाही. त्या कोरड्या ऑगस्टात विहीर खाली गेली, मोटर हवा ओढू लागली. दत्तोबा आणि बापूराव चार-चार दिवस पाळतच होते, आणि दोघांचं पीक माना टाकत होतं. एक दिवस द्वारकाबाई विहिरीच्या काठावर उभ्या राहून ते थोडंसं पाणी बघत राहिल्या आणि त्यांना जुनी एक गोष्ट आठवली.

गौरी-गणपती झाल्यावर त्या बांध ओलांडून बापूरावांकडं गेल्या. बापूराव तंबाखूच मळत होते.

"भावजी, बेणं पायजे होतं उसाचं. दसऱ्यानंतर लावीन म्हनते."

बापूरावांचा अंगठा थांबला. "कुठं लावताय?"

"सगळीकडं. वाफे मोडून."

"वहिनी, तुम्ही? आन आळशाचं पीक?" ते हसले. मग द्वारकाबाईंच्या तोंडाकडं बघून हसायचे थांबले. "दादाला ठाव हाय?"

"न्हाई. आधी तुमी बेणं देता का सांगा."

"देतो. पन तुम्हाला करमायचं न्हाई, वहिनी. ऊस बोलत न्हाई मानसासंगं."

त्या संध्याकाळी दत्तोबा जेवायला बसले. भाकरी मधोमध मोडली. द्वारकाबाई समोर बसल्या.

"अहो, फ्लॉवर लावला होता भावजींनी, आठवतंय? संतोष रांगत होता तवा."

"त्याचं काय आत्ता?"

"गड्डा धरत होता, आन विहीर अशीच खाली गेलती. तवा तुमी भावजींना निम्मं पाणी दिलं होतं का?"

दत्तोबांनी पाण्याचा तांब्या पुढं ओढला.

"आख्खं सोडलं होतं," द्वारकाबाई म्हणाल्या. "आपले चार दिवसबी त्यांना दिले, पाऊस येईस्तोवर. माझा शेपू डोळ्यांदेखत वाळला. मी रडले, तुमच्याशी बोलले न्हाई कितीतरी दिस. पन फ्लॉवर आला का न्हाई? आन फुडल्या उन्हाळ्यात भावजींनी त्यांचं पाणी आपल्याला सोडलं का न्हाई?"

"सोडलं."

"तवा निम्मं केलं असतं तर दोघांचंबी गेलं असतं. मग पोरांना खडकीत कशाला बसवलंत?"

दत्तोबांनी अर्धी भाकरी ताटाच्या कडेला सारली. "मला वाटलं, कुनाला कमी पडू नये."

"दोघांनाबी कमी पडतंय. त्या पोरीचं आत्ता गड्डा धरायचं दिस हायेत. तिला आख्खं सोडा. ऱ्हाऊ द्या त्यांना कंपनीशेजारी. वाफे मोडून ऊस लावू. उसाला रोज संतोष लागत न्हाई. पाणी तुमी सोडाल, खुरपायला मी हाय."

"लोक म्हनत्याल, पोरगा बायकूमागं गेला."

"म्हनू द्या. फ्लॉवरच्या साली लोक म्हनले होते, दत्तोबा भावाम्होरं वाकला. तुमची मान काय वाकडी झाली?"

"आन तुझी कोथिंबीर?"

द्वारकाबाई उठल्या आणि त्यांनी ताटात आमटी वाढली. "मंडईत आता तिला 'मांजरीची' म्हणून कोन विचारत न्हाई," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "लागण आन दोन खोडवे. तेवढं सोडायचं. मग बघू पाणी कुनाकडं वळवायचं ते."

नव्यानं लावलेला ऊस ती लागण, तो तोडल्यावर बुडख्यातून पुन्हा फुटतो तो खोडवा. म्हणजे तीन तोडींची, काही वर्षांची बोली होती. दत्तोबांना ती भाषा समजली. उरलेली अर्धी भाकरी त्यांनी पुन्हा मधोमध मोडली नाही, तशीच खाल्ली.

संतोषला पटवायला वेळ लागला. तो चिडला, म्हणाला, "मला न विचारता माझी शेती मोडली." सृष्टी मधे पडली नाही, आणि ते द्वारकाबाईंना आवडलं. शेवटी नवरात्र संपलं त्या आठवड्यात तोच आला आणि त्यानंच शेवटचे वाफे मोडले. नांगर फिरला तेव्हा मातीतून कोथिंबिरीचा वास उठला आणि दिवसभर कपड्यांना राहिला. द्वारकाबाई घरात डाळ निवडत बसल्या, बाहेर आल्या नाहीत.

दिवाळीच्या आधी बेणं पडलं, आणि दिवाळी झाल्यावर खडकीच्या खोल्या रिकाम्या करून ते दोघं हिंजवडीला राहायला गेले.

त्यानंतर कुणाचं काय झालं ते सांगून टाकते.

मुक्ताबाईंनी पुढच्याच वर्षी गाळा भाचीला दिला. आता त्या घरी असतात आणि घराखालच्या दुकानातून भाजी घेतात. एकदा फोनवर द्वारकाबाईंना म्हणाल्या, "इथं कोथिंबीर आणतात तिला नुसता रंग असतो. तुमच्या वाळवणाला निदान वास होता."

बापूरावांनी रस्त्याकडचा तुकडा बिल्डरला दिला. विहिरीकडचा दिला नाही. वहिनीच्या उसावर ते रोज नजर टाकून जातात आणि काही ना काही चूक काढतात.

संतोष हिंजवडीत पहिले काही महिने नुसता बसून होता. त्या दिवसांत त्याचं आणि सृष्टीचं दोनदा मोठं भांडण झालं, असं नंतर कळलं. मग त्यानं एका सोसायटीच्या बागेचं काम घेतलं, आता चार सोसायट्यांची हिरवळ त्याच्याकडं आहे. दत्तोबा लोकांना सांगतात, "आमचं पोरगं गवत वाढवतं. जनावरं न्हाईत, खाणारं कुनी न्हाई, तरी पाणी घालतं." पण सांगताना हसतात.

सृष्टी त्या कंपनीत आणखी एक पायरी वर गेली. ती चालत कामावर जाते. महिन्यातून दोनदा मांजरीला येते, आली की आधी मोरीत जाऊन स्वतःची बाटली स्वतः घासते. द्वारकाबाई एकदा सहज उचलून बघतात. रिकामी असते.

द्वारकाबाईंनी मोरीच्या पाण्यावर एक वाफा ठेवला आहे. त्यातली कोथिंबीर घरापुरतीच, तरी पहाटे उठून, ऊन लागायच्या आत, त्या तिची जुडी बांधतात.

आता दुसरा खोडवा, बोलीतला शेवटचा, उभा आहे. मागच्या वेळी दोघं आली तेव्हा जेवताना सृष्टी म्हणाली, "आई, आमच्या कंपनीनं खराडीला नवीन ऑफिस काढलं. तिकडं जाता येईल म्हणे, मागितलं तर."

खराडी म्हणजे मांजरीपासून जवळच, नदीपलीकडं. संतोष ताटाकडं बघत म्हणाला, "आन माझ्या चार सोसायट्या? त्या हिंजवडीतच हायेत."

दत्तोबांनी घाईघाईनं हात धुतला, टोपी घातली आणि ते दाराकडं निघाले. "हिंजवडी ते खराडी," ते म्हणाले, "किती भरतंय ते एकदा बघून येऊ. ऊठ, संतोष. निम्म्यावर काय हाय तिथं—"

पण मोटरसायकलची किल्ली खिळ्यावर नव्हती. द्वारकाबाईंनी ती आधीच काढून पदराच्या गाठीला बांधली होती.

"बसा खाली," त्या म्हणाल्या. "खोडवा तुटू द्या. यंदा त्यांचं ते बोलतील."